एलिझाबेथच्या कोकणी उच्चारांबाबत खुलासा

दिनांक : २१ जून २००४

प्रति,
मा. मुख्य पडताळणी अधिकारी,
(सदस्यता, भाषाशुद्धी व सांस्कृतिक कार्यक्रम),
मराठी कुटुंब मेळा,
कुरुम, मस्कत.

अर्जदार : सौ. ललिता प्रेमानंद गजघाटे, आजीव सदस्य.

विषय : डान्झिग येथील कै. एलिझाबेथ हेव्हेलियस यांचे मराठी उच्चार, तसेच मत्रह येथील गच्चीवरून सूर्यावर आढळलेला डाग, याबाबत खुलासा व विनंती.

संदर्भ : आपले ‘कारणे दाखवा’ पत्र, दि. १४ जून २००४.

महोदय,

आपले संदर्भीय पत्र मिळाले. मेळ्याने रद्द केलेले बालनाट्य मी मेळ्याच्या परवानगीशिवाय, मेळ्याचे सदस्य नसलेल्या कुटुंबाच्या गच्चीवर, सदस्य नसलेल्या मुलीला प्रमुख भूमिका देऊन सादर केले, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. प्रकरण इथेच मिटले असते. परंतु आपण कारणे दाखवण्यास फर्मावले आहे आणि आदेश पाळण्याची मला लहानपणापासून सवय आहे. सबब ती दाखवत आहे. जरा लांबलचक आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

१. मी रुसैल येथील एका कंपनीत जमीन मोजणीच्या कामावर अभियंता आहे. दिवसभर उन्हात उभे राहून कोन मोजणे हे माझे पोटापाण्याचे काम. फेब्रुवारीत आपले परिपत्रक निघाले, की येत्या जूनमध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार आहे, असे दृश्य आज हयात असलेल्या कोणाही माणसाने पाहिलेले नाही, सबब यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘विज्ञाननिष्ठ बालनाट्य’ व्हावे. ‘विज्ञाननिष्ठ’ हा शब्द आपण अधोरेखित केला होता. मी तो गांभीर्याने घेतला. पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेच.

२. नाटकाची गोष्ट आपण वाचली असेलच असे गृहीत धरणे उद्धटपणाचे होईल, म्हणून थोडक्यात सांगते. सतराव्या शतकात डान्झिग या जर्मन बोलणाऱ्या शहरात हेव्हेलियस नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. धंदा बिअर गाळण्याचा, छंद तारे मोजण्याचा. घरांच्या छपरांवर त्याने मोठमोठी कोनमापक यंत्रे मांडली होती. त्यांवर दुर्बीण नव्हती. नुसत्या डोळ्यांनी फटीतून तारा धरायचा आणि कोन वाचायचा. पत्नी एलिझाबेथ यंत्राच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून त्याच्याबरोबर मोजत असे. लंडनचे रॉबर्ट हूक यांनी जाहीर केले की, यंत्राला दुर्बीण लावल्याशिवाय केलेले मोजमाप विश्वासाला पात्र नाही. त्यांनी हेव्हेलियसची यंत्रे पाहिली नव्हती. डान्झिगला ते गेले नव्हते. तरी निकाल दिला. वाद इतका पेटला की शेवटी एडमंड हॅली हा विशीतला तरुण आपले दुर्बीणवाले यंत्र घेऊन जहाजाने डान्झिगला गेला, हेव्हेलियस दांपत्याबरोबर छपरावर उभा राहिला आणि तेच तारे त्याने आपल्या यंत्राने मोजले. आकडे जुळले. तसे त्याने लिहूनही दिले. हूक यांचे मत मात्र बदलले नाही.

एवढीच गोष्ट. हॅलीची भूमिका आपल्या मेळ्यात फारशी लोकप्रिय होणार नाही, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

३. आपण संहितेत सुधारणा सुचवल्या. पहिली, नायक मद्यविक्रेता नको. हेव्हेलियसला विचारण्याची सोय नसल्याने मीच त्याचा धंदा बदलला आणि तो लबान विकू लागला. सतराव्या शतकातील डान्झिगमध्ये लबान, म्हणजे हे आपले इथले थंडगार ताक, विकणारा तो बहुधा एकमेव इसम असावा. दुसरी सुधारणा अधिक मूलगामी होती. मत्रहच्या मुस्तफा सुताराने लाकडाचे भले थोरले कोनमापक बनवून दिले होते. ते पाहून आपण म्हणालात, “दुर्बीण कुठाय? दुर्बिणीशिवाय खगोलशास्त्रज्ञ कसा वाटणार? लोकांना कळायला नको?” मी सांगितले, साहेब, दुर्बीण नाही हाच तर नाटकाचा विषय आहे. आपण म्हणालात, “विषय राहू द्या, दुर्बीण लावा.”

लावली. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी सोनेरी रंगवून लावली. रॉबर्ट हूक यांना आयुष्यभर जे साधले नाही ते आपण एका संध्याकाळी साधलेत. याबद्दल मेळ्याने आपला सत्कार करावा, अशी माझी स्वतंत्र सूचना आहे.

४. आता एलिझाबेथकडे वळते. ही भूमिका मी रुबिना कासम फणसोपकर या सातवीतल्या मुलीला दिली. ती माझा मुलगा लोकेश याच्या वर्गात आहे. वडील कासमभाई यांचे मत्रहच्या बाजारात कापडाचे दुकान आहे आणि दुकानाच्या वरच कुटुंब राहते. घरी पत्नी अमीरुन्निसा, आई हवाबी आणि ही मुलगी. मूळ रत्नागिरीजवळचे. आपल्या मेळ्याच्या निम्म्या साड्या त्यांच्याकडून येतात, त्यामुळे अधिक ओळख करून देण्याची गरज नसावी.

रुबिनाचे मराठी फार चांगले होते असा माझा दावा नाही. इथल्या सगळ्याच मुलांचे जेमतेम आहे. लोकेशने तालमीत ‘नक्षत्र’ या शब्दाचा केलेला खून मी स्वतः पाहिला आहे. पण रुबिना भांडते छान. पहिल्याच दिवशी तिने हूक झालेल्या लोकेशला भर तालमीत विचारले, “तू बघितलास काय? नाय ना? मंग कसा बोलतंस?” संहितेत हे वाक्य नव्हते. मला एलिझाबेथ मिळाली होती.

५. त्याच सुमारास कासमभाईंनी मेळ्याच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्यांना स्नेहसंमेलनात मिरवायचे नव्हते. मेळ्याच्या मराठी वर्गात सदस्यांच्याच मुलांना प्रवेश आहे आणि शाळेत मराठी नाही. कासमभाई मला म्हणाले, “ललिताबाय, सुट्टीत गावाला गेलाव, तर पोरीला यष्टीची पाटी वाचता येईना. माज्याच गावात ती लोकांना इंग्लिशमंदी विचारते, ही गाडी कुटं जाते. मला कसासाच झाला.” मी शिफारस लिहून दिली.

मुलाखतीसाठी आपण सगळ्या कुटुंबाला कुरुमच्या कार्यालयात बोलावलेत. कासमभाईंनी ऐन गर्दीच्या वेळी दुकान बंद केले. अमीरुन्निसाने ठेवणीतले कपडे काढले. हवाबींचे गुडघे दुखतात, तरी त्या जिना चढल्या. शिफारसकर्ती म्हणून मीही होते, त्यामुळे जे झाले ते ऐकीव नाही.

आपण विचारलेत, “मातृभाषा?”

“मराठी,” कासमभाई म्हणाले.

“घरी काय बोलता?”

“ह्याच.”

“ह्याच म्हणजे?”

“आता बोलताव ना साहेब, ह्याच.”

“ही कोकणी झाली,” आपण म्हणालात.

त्यावर हवाबी, ज्यांना कोणी विचारलेही नव्हते, म्हणाल्या, “बाबा, तुला समाजला ना? मंग झाला.”

भाषाशास्त्रावर याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. परंतु आपण ते ग्राह्य धरले नाही. टेबलाच्या खणातून पाकीट काढून आपण कासमभाईंच्या हाती दिलेत. आत निर्णय होता : “अर्जदाराची भाषा समजते, तथापि ती मराठी असल्याचे सिद्ध होत नाही.” निर्णय टंकलिखित होता, त्यावर आपली सही होती आणि आदल्या दिवसाची तारीख होती. मुलाखत होण्यापूर्वीच मुलाखतीचा निकाल तयार ठेवण्याची ही कार्यक्षमता आखातातल्या इतर कार्यालयांनी अवश्य शिकावी. फक्त एक शंका राहते. भाषा समजते, हे आपल्याला आदल्या दिवशी कसे समजले?

परत येताना गाडी कॉर्निशवर, म्हणजे मत्रहच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, आल्यावर अमीरुन्निसा हळूच म्हणाली, “ललिताबाय, फॉर्म भरताना आपलाच कायतरी चुकला असंल.” फॉर्म मी भरला होता. काही चुकले नव्हते. ते तिला सांगितले असते, तर मग नेमके काय चुकले तेही सांगावे लागले असते. मी गप्प राहिले. एरवी मी गप्प राहणाऱ्यातली नाही, हे आपण जाणताच.

६. त्यानंतरच्या आठवड्यात आपण तालमीला आलात आणि एलिझाबेथच्या मराठीवर कोकणी छाप असल्याचे आपल्या ध्यानात आले. संदर्भीय पत्रातही आपण याचा पुनरुच्चार केला आहे. तरी नम्रपणे निवेदन करते की, सदर बाई डान्झिगच्या. त्या ना पुण्याच्या ना दादरच्या. त्यांच्या मराठीवर छाप असलीच तर जर्मन असायला हवी होती. कोकणी म्हणजे त्या मराठीच्या बऱ्याच जवळ आल्या, असे समजून आपण समाधान मानावे, ही अपेक्षा होती. आपण मानले नाही. भूमिका काढून घेतली आणि आपली कन्या कु. स्नेहल हिला दिली.

रुबिनाला हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तिने ऐकून घेतले. हातातले पान, ज्यावर मी तिचे संवाद मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते, ते मला परत दिले. मग तिने विचारले, “आंटी, माजा मराठी खोटा हाय काय?”

महोदय, बांधकामाच्या जागेवर कोन चुकला तर मी पुन्हा मोजते. या प्रश्नावर काय मोजायचे ते मला कळले नाही.

७. कु. स्नेहल ही गुणी मुलगी आहे आणि या प्रकरणात तिचा कोणताही दोष नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. तिला भूमिका नको होती. पण घरात पडताळणी अधिकारी असल्यावर नको म्हणण्याची पद्धत काय असते, हे तिला ठाऊक नसावे. एलिझाबेथचा झगा कासमभाईंच्या दुकानात शिवायला टाकला होता. कासमभाईंनी काम परत पाठवले नाही. “कापड कापलाय, आता शिवायचा,” एवढेच ते म्हणाले. झग्याच्या मापासाठी स्नेहलला घेऊन तिच्या आई, म्हणजे आपल्या घरच्या सौ. वहिनी, मत्रहला आल्या. मीही तिथे होते.

दहा मिनिटांचे काम होते. वहिनी तास-दीड तास बसल्या. हवाबींनी त्यांना विचारले, “तुमचा गाव खंयचा?” वहिनी म्हणाल्या, “मिरज.” हवाबी म्हणाल्या, “आमची एक नणंद दिली मिरजंला. लई झाक बोलतात तिकडं. आमाला हसतात.” आणि मग दोघीच हसायला लागल्या. माहेरच्या माणसाशी बोलावे तशा वहिनी बोलत होत्या. इतके मोठ्याने हसताना मी त्यांना कुरुममध्ये कधी पाहिले नव्हते.

इकडे रुबिना स्नेहलला तिथेच ठेवलेल्या कोनमापकाशी कसे उभे राहायचे ते दाखवत होती. एक डोळा मिटून, फटीतून तारा धरून, मान न हलवता. स्नेहलने दोनदा करून पाहिले. मग ती आईकडे आली आणि म्हणाली, “मम्मा, धिस इज हर रोल. आय डोन्ट वॉन्ट इट.”

वहिनी तिला म्हणाल्या, “मराठीत सांग.”

मुलगी शब्द जमवत म्हणाली, “हे तिचं आहे. मला नको.”

त्यानंतर कार्यकारिणीच्या सभेत वहिनींनी उभे राहून, “मी स्वतः जाऊन, बसून, ऐकून आले. तुमच्यापैकी कोण गेलं होतं?” असे विचारल्याचे मला समजले. इतिवृत्तात त्याची नोंद “पडताळणी अधिकाऱ्यांच्या सौभाग्यवतींनी वैयक्तिक मत मांडले” अशी आहे. नाटक रद्द झाले. त्याऐवजी ‘महाराष्ट्राची वस्त्रपरंपरा’ हे पोशाखांचे संचलन झाले. त्यातील सर्व नऊवारी कासमभाईंच्या दुकानातून आल्या. त्यांच्या कापडाला मराठी असल्याचा पुरावा मागण्यात आला नाही, यावरून माणसापेक्षा पातळ लवकर सदस्य होते असे दिसते.

८. आता मूळ गुन्ह्याकडे येते. आठ जून रोजी, मंगळवारी सकाळी, शुक्र सूर्यावर येणार होता. मी रजा टाकली. कंपनीने बाद केलेला एक थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची आमची छोटी दुर्बीण, माझ्याकडे होती. सूर्याकडे तिच्यातून बघायचे नसते, डोळा जातो. तिच्यातून येणारे सूर्याचे बिंब पांढऱ्या कापडावर पाडायचे आणि कापडाकडे बघायचे. कासमभाईंनी ताग्यातले स्वच्छ पॉपलीन काढून चौकटीवर ताणून दिले आणि गच्चीवर सावलीला ताडपत्री बांधली.

शुक्र यायला अवकाश होता. मुले तयार होती, झगा शिवलेला होता, कोनमापक गच्चीतच पडून होते. पुठ्ठ्याची नळी मी काढून टाकली. नाटक झाले. लोकेश हूक, रुबिना एलिझाबेथ. हॅलीचे काम स्नेहलने केले. तिने ते स्वतः मागून घेतले होते. वहिनी तिला घेऊन आल्या होत्या, कुरुममध्ये काय सांगून आल्या ते मी विचारले नाही. हेव्हेलियस पुन्हा बिअर गाळू लागला होता, पण प्रेक्षकांत ओमानी घरमालक होते म्हणून त्याने तो विषय काढला नाही.

प्रेक्षक म्हणजे शेजारचे गुजराती व्यापारी, दोन बलुची हमाल, घरमालक आणि त्यांची मुले, मुस्तफा सुतार, हवाबी आणि त्यांच्या मैत्रिणी. मराठी येणारे थोडेच. तरी हूकचे पत्र घेऊन रुबिना पुढे आली तेव्हा सगळे पुढे सरकून बसले. संहितेत वाक्य होते, “आधी येऊन पाहा, मग बोला.” रुबिनाने पत्र खाली ठेवले आणि प्रेक्षकांकडे बघून म्हणाली, “आदी येवन बग. मंग बोल.”

हवाबींनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. हमालांनीसुद्धा. ‘संहितेत परप्रांतीय वाक्य घुसडले’ असा आपला जो आक्षेप आहे, तो याच वाक्याबद्दल असावा. मी ते घुसडलेले नाही. ते मुलीच्या तोंडात आधीपासून होते. मी फक्त काढले नाही.

मग बिंबाच्या कडेला काळा ठिपका आत आला. शाईचा थेंब पडावा तसा, पण गोल, रेखीव. घरमालक “माशाल्ला” म्हणाले. अमीरुन्निसा पदर तोंडावर धरून बघत राहिली. स्नेहल आणि रुबिना कापडासमोर डोके डोक्याला लावून बसल्या होत्या. सूर्यापुढे शुक्र केवढासा असतो, ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले.

९. त्याच वेळी आपण आलात. कन्येला न्यायला आला होतात, हे मला माहीत आहे. तरी आलात. मत्रहला आलात. हूक डान्झिगला कधीच गेले नव्हते, त्या मानाने हे फारच मोठे पाऊल आहे आणि मी ते मनापासून मानते.

कासमभाई पुढे झाले. “या साहेब, या. सावलीत बसा. पानी देव?”

आपण म्हणालात, “नहीं नहीं, ठीक है भाईसाब.”

“उनातून आलाव. बसा जरा. लबान हाय थंड.”

“बस, निकलना है. बच्ची को लेने आया था.”

“घेवन जावा, पन आदी ह्या बगा तरी. रोज रोज दिसायचा नाय.”

“अच्छा अच्छा. दिखाइए.”

हे संभाषण बराच वेळ चालले. एक जण शेवटपर्यंत मराठीत बोलत होता. दुसरा शेवटपर्यंत मराठी ऐकून हिंदीत उत्तर देत होता. या दोघांपैकी एकाच्या मातृभाषेची पडताळणी होणे अगत्याचे आहे. कोणाच्या, ते ठरवण्याचा अधिकार आपला आहे, माझा नाही.

मग आपण कापडाजवळ गेलात, चष्मा वर केलात आणि म्हणालात, “कपडे पे दाग है.”

कासमभाईंना मी इतकी वर्षे ओळखते. सदस्यत्व नाकारले तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलीची भूमिका गेली तेव्हा ते फक्त कातरी खाली ठेवून बसले होते. पण या वाक्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. “साहेब,” ते म्हणाले, “माज्या दुकानच्या कापडाला डाग? कदी नाय!” आणि त्यांनी चौकट उचलून हातभर बाजूला सरकवली. बिंब तिच्यावरून घसरले. पॉपलीन कोरे, शुभ्र. चौकट परत जागी आणली. सूर्य आला, आणि सूर्याबरोबर ठिपका आला.

आपण थोडा वेळ बघितलेत. स्नेहलला म्हणालात, “चल.” ती म्हणाली, “बाबा, थांबा ना. अजून तो अर्ध्यावर पण नाही आला.” हे ती मराठीत म्हणाली. आपण खाली गाडीत जाऊन बसलात. एसी चालू होता, त्यामुळे आपली फार गैरसोय झाली नसावी. आठवड्याभरात आपले पत्र आले.

१०. जाता जाता माझ्या स्वतःच्या सदस्यत्वाविषयी. काही वर्षांपूर्वी आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांनी माझ्या मुलाखतीत विचारले होते, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” मी म्हटले, भंडारा जिल्हा. ते म्हणाले, “तसं नाही. म्हणजे, मूळच्या?” मी पुन्हा भंडारा म्हणाले. ते हसले, मी हसले, आणि माझे यजमान कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असल्याचे फॉर्मवर वाचून त्यांनी सही केली. त्या सहीबद्दल आपल्याला शंका असल्यास माझीही पडताळणी पुन्हा करावी. निकाल आदल्या दिवशी तयार ठेवला तरी चालेल. मी वेळ वाचवणारी बाई आहे.

मात्र एक गोष्ट विनोदाने मागत नाही. कासमभाईंना दिलेले ते पत्र मेळ्याने मागे घ्यावे. सदस्यत्व द्यावे असे मी म्हणत नाही, ते आता घेणारही नाहीत. पण ‘मराठी असल्याचे सिद्ध होत नाही’ असा कागद एका माणसाच्या घरात पडून राहू नये. ते घर मी पाहिले आहे. आपणही, निदान गच्चीपर्यंत, पाहिले आहे.

११. आपल्या पत्राच्या अखेरीस आपण विचारले आहे की, मत्रह येथे सदर दुकानाच्या वरच्या मजल्यावर एप्रिलपासून दर गुरुवारी संध्याकाळी मेळ्याच्या मान्यतेशिवाय मराठीचा वर्ग भरतो अशी तक्रार आहे. तो कोण चालवते, कोणत्या पात्रतेवर, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

वर्ग भरतो. सध्या रुबिना, लोकेश, रुबिनाच्या दोन मैत्रिणी आणि खुद्द अमीरुन्निसा एवढे विद्यार्थी आहेत. वर्गशिक्षिका बी.ए., बी.एड. असून मिरजेच्या कन्याशाळेत त्यांनी मराठी शिकवले आहे. लग्नानंतर मस्कतला आल्यावर मेळ्याच्या वर्गावर शिकवण्याची इच्छा त्यांनी घरात बोलून दाखवली होती, तेव्हा त्यांना “घरचं माणूस नको, लोक बोलतील” असे सांगण्यात आले. तेव्हापासून त्यांनी फळ्याला हात लावला नव्हता. मत्रहला पहिल्या दिवशी त्यांनी ‘अ’ काढला तेव्हा खडू मोडला. दुसरा घेतला.

उत्तरात त्यांचे नाव घालावे की नाही, हे मी त्यांनाच विचारले. मी ‘एक अनुभवी शिक्षिका’ असे लिहिणार होते. त्या म्हणाल्या, “नाव लिही. पूर्ण लिही. आणि कोणाच्या सांगण्यावरून विचारलंय ना? कोणाच्याच नाही, असं लिही.”

त्याप्रमाणे लिहीत आहे. वर्ग सौ. रचना कुरुंदवाडकर चालवतात. कोणाच्याही सांगण्यावरून नाही. दर गुरुवारी मत्रहला खरेदीसाठी जाऊन इतके आठवडे रिकाम्या हाताने परतणारी व्यक्ती आपल्याच घरात असताना तिची पडताळणी कशी राहून गेली, याचे कारण मात्र मला दाखवता येणार नाही. ते आपणच दाखवावे.

कळावे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत तरी,

आपली नम्र,
(सही)
सौ. ललिता प्रेमानंद गजघाटे

सोबत :
१. नाटकाची संहिता, लबान वगळून.
२. आठ जूनच्या गच्चीचे छायाचित्र. डावीकडे पाठमोरे उभे आहेत ते आपण.

प्रत माहितीसाठी : सौ. रचना कुरुंदवाडकर, वर्गशिक्षिका, मत्रह. (हा अर्ज टपालाने न पाठवता त्यांच्याच हाती दिला आहे. जेवण झाल्यावर देते, असे त्या म्हणाल्या.)